मागाच्या घरातला गळा

शाहूपुरीत राजवीरच्या वडिलांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानामागं गोदाम. त्या गोदामात, व्हॉल्व्ह आणि वायसरांच्या पेट्या एका भिंतीला सारून, 'भट्टी' नावाचा हेवी मेटल बँड सराव करायचा. साल २००५. कोल्हापुरात हेवी मेटल म्हटलं की माणसाला आधी उद्यमनगरातली फाउंड्री आठवायची आणि बँड म्हटलं की वरात. दोन्ही शब्द एकदम कानावर पडले की समोरचा जरा थांबायचा आणि मग विचारायचा, "म्हंजे लग्नातच वाजवता, पर लोखंड?"

राजवीर ड्रमवर, कृष्णात गिटारवर आणि गायला बुद्धभूषण. गायला म्हणजे गुरगुरायला. भूषण दिसायला किरकोळ, चष्मेवाला, रसायनशास्त्राचा पदवीधर. इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये तो दिवसभर कापडाच्या रंगाचे नमुने तपासायचा. पण माइक हातात घेतला की त्याच्या पोटातून असा काही आवाज निघायचा की गोदामातल्या रिकाम्या बादल्या थरथरायच्या. त्याच्या वडिलांनी, भाऊसोंनी, ते गाणं एकदाच ऐकलं होतं. "उसाचा ट्रॅक्टर चढाला लागला की असाच वरडतोय," एवढंच त्यांचं मत पडलं. भूषणनं ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी त्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडलं. 'राख' नावाच्या गाण्यात शेवटी एक लांबलचक गुरगुर होती. भूषणनं श्वास भरला, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि आतून बारीक 'कुईं' असा आवाज आला.

राजवीरनं ड्रम थांबवला. "दार कुनी उघडलं रं?"

दार बंदच होतं. भूषणनं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी 'कुईं' सुद्धा आलं नाही, नुसती हवा आली.

वेळ वाईट होती. राजवीरनं चार कार्यक्रम ठरवले होते आणि त्याला तो दौरा म्हणत होता. सांगलीला कॉलेजचं गॅदरिंग, निपाणीला एका मंडळाचा गणपती, मग बेळगाव, आणि शेवटी पुणे. पहिले तीन झाले काय, न झाले काय. पण पुण्याची गोष्ट वेगळी होती. तिथं मोठ्या मैदानावर तीन दिवस देशभरातले बँड वाजवणार होते, सीडी मागवून निवड झाली होती, आणि कोल्हापुरातून एकट्या 'भट्टी'ला अर्धा तास मिळाला होता. त्यात कृष्णातला बंगळूरला नोकरी लागली होती. दिवाळीनंतर तो जाणार, म्हणजे बँड संपल्यात जमा. पुणं हुकलं की 'भट्टी' हा बँड होता की गोदामातला आवाज, हे सांगायलाही काही उरणार नव्हतं. राजवीरनं चारही गावांची नावं पाठीवर छापलेले काळे टी-शर्ट आधीच करून आणले होते.

"फोड आला आसंल," राजवीर म्हणाला. "गुळणी कर मिठाची."

भूषणनं गुळण्या केल्या. आठवडाभर काही फरक पडला नाही. तेव्हा तो राजारामपुरीत डॉक्टर प्रीती मॅडमकडं गेला. मॅडम तरुण होत्या, कान-नाक-घशाच्या. त्यांनी त्याची जीभ कापडात धरून ओढली आणि घशात एक वाकडी नळी घातली. समोरच्या टीव्हीवर भूषणला स्वतःचा गळा आतून दिसला. दोन पांढरे पडदे, आणि दोन्हींच्या कडेला समोरासमोर ज्वारीच्या कणीएवढे दोन दाणे. त्याला इतका रस वाटला की जीभ दुसऱ्याच्या हातात आहे हे विसरून तो प्रश्न विचारू लागला.

"हे घट्टे," मॅडम नळी काढून म्हणाल्या. "कुदळ मारून तळहाताला पडतात तसे. पडदे एकमेकांवर जोरात आणि फार वेळ आपटत राहिले की पडतात. काय गाता तुम्ही? भजन? भावगीतं?"

"हेवी मेटल."

"म्हणजे कसं?"

भूषणनं उरल्यासुरल्या आवाजात थोडंसं गुरगुरून दाखवलं. बाहेर, ऐकू येत नाही म्हणून आलेले एक आजोबा "आलं, आलं, आता आलं!" म्हणत उठून उभे राहिले.

"बास," मॅडम म्हणाल्या. "आणखी काही विचारायचीच गरज नाही. गाणं पूर्ण बंद. ओरडायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानंसुद्धा ताण पडतो. मुकं बसू नका मात्र. घरी बोलता तसं साधं बोलत जा."

"घरी बोलतो तसं," भूषणनं मनात पक्कं केलं. दिलेली कृती शब्दशः पाळायची ही त्याची लॅबमधली सवय होती. कृतीत 'चिमूटभर' लिहिलं असेल तरी तो चिमटीचं वजन करून बघायचा.

तो इचलकरंजीजवळच्या कबनूरला, आपल्या घरी पोचला तेव्हा तिथं शांतता होती. म्हणजे माग चालू होते. भाऊसोंचे सहा यंत्रमाग घराला लागूनच्या शेडमध्ये होते. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत होती, पण भिंतीतल्या चौकटीला दार नव्हतं. माग बंद पडले म्हणजे सूत तुटलं किंवा लाइट गेली, म्हणजे कटकट. ते खटाखट चालू असले म्हणजे सगळं सुरळीत. भूषण त्या आवाजात जन्मला, त्यातच शिकला, आणि सेंद्रिय रसायनाची सगळी समीकरणं त्यानं त्याच तालावर पाठ केली होती.

"काय म्हनली डाक्टरीन?" भाऊसोंनी शेवटच्या मागापासून विचारलं.

"घट्टं पडल्यात म्हनली!" भूषणनं दारातून सांगितलं.

"कुटं?"

"गळ्यात!"

"गळ्यानं काय खोरं वडतोस व्हय रं?"

आई, तानूबाई, कांडी मशीनवर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "मग आता काय कर म्हनली?"

"गानं बंद! घरात बोलतो तसं बोलत ऱ्हा म्हनली!"

"शाणी हाय बाई," तानूबाई म्हणाल्या. "मी कवाधरनं तेच सांगायलोय. मानसागत बोल म्हनून."

गाणं बंद झालं. सांगलीला राजवीरनं फोन केला. तिकडच्या मुलांनी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि लगेच एका मिमिक्रीवाल्याला बोलावलं. भूषणनं मनाला लावून घेतलं नाही. त्यानं आपल्या गळ्याचा नीट अभ्यास सुरू केला. तिखट बंद, थंड पाणी बंद, रंगाच्या लॅबमध्ये तोंडाला रुमाल. त्याला उपाय सांगणारे तर गल्लीभर होते. आईचा ज्येष्ठमध, आबांची, म्हणजे भाऊसोंची, काळी मिरी, आणि शेजारच्या शालूबाईंचा गरम तुपातला ओवा, जो त्या परड्याच्या भिंतीवरून दिवसातून दोनदा आठवण करून द्यायच्या. भूषणचं म्हणणं असं की सगळं एकदम घेतलं तर गुण कशाचा हे कळणार कसं? एका वेळी एकच घ्यायचं. त्यानं ओव्याचा नंबर तिसरा लावला.

"तिसरा?" शालूबाई भिंतीवरून म्हणाल्या. "माज्या ओव्यानं सरपंचाचा आवाज आलता! आन् हे पोरगं मला रांगंत हुबं करतंय!"

"तसं न्हाय वो मावशी!" भूषणनं समजावलं. "मिसळलं की कळत न्हाय!"

"मग मिसळूच नगंस! माजाच घे!"

यावर त्यानं परड्यात उभं राहून प्रयोगाची पद्धत शालूबाईंना पुरती समजावून दिली. त्याला अर्धा तास लागला. त्यांना ती पटली नाही. रात्री त्याचा आवाज आणखी बसला.

निपाणीचा फोन भूषणनं शेजारी बसून ऐकला. राजवीरनं मोबाइल दोघांच्या कानांमध्ये धरला होता. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव.

"आवाज बसलाय म्हंजे?" हंबीरराव म्हणाले. "मांडव पडलाय का? मूर्ती न्हाय का? एका मानसाचा घसा बसला म्हनून गणपती थांबतोय व्हय?"

"पर गाणारच न्हाय तर—"

"आसं करा पावणं. तुमी तिघं ते काळं कपडं घालून नुस्तं हुबं ऱ्हावा. केसं हालवा. गानं आमी कॅशेटवर लावतो."

"आमची सीडी पाठवून देऊ का मग?"

"तुमचं कशाला? म्हाताऱ्या बसत्यात म्होरं. आमी चांगलं लावतो."

राजवीरनं नम्रपणे नकार दिला. हंबीररावांनी नम्रपणा न दाखवता फोन ठेवला. राजवीरनं काळं मार्कर पेन काढून टी-शर्टांवरचं सांगलीपाठोपाठ निपाणीही खोडलं. काळ्या कापडावर काळी शाई. बरं दिसत होतं.

मॅडमनी पुन्हा नळी घातली तेव्हा भूषण टीव्हीकडं आशेनं बघत होता. दाणे मोठे झाले होते. रसायनवाल्याच्या नजरेला ते लगेच कळलं.

"तुम्ही चोरून गाताय," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय. शपथ."

"मग ओरडता कुणावर तरी."

"लॅबमध्ये तोंड उघडत न्हाय मी. आणि घरी, तुम्ही सांगितलं तसं. साधं बोलतो."

खोटं बोलणाऱ्या पेशंटांची मॅडमना सवय होती, पण इतका प्रामाणिक चेहरा करून खोटं बोलणारा त्यांनी बघितला नव्हता. "हे बघा," त्या म्हणाल्या, "साधं बोलून घट्टे वाढत नाहीत. असंच चाललं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर कुठला आवाज परत येईल हे मी सांगू शकत नाही. पुण्याचं डोक्यातून काढा."

बेळगाव त्याच दिवशी रद्द झालं. पुण्याला मात्र राजवीरनं फोन केला नाही. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि गोदामाच्या दारात भूषणसमोर उभा राहिला.

"खरं सांग. कुटल्या आर्केस्ट्रात शिरलायस?"

"आरं, काय बोलतोस!"

"मग पुण्याला भितोस. मोठं मैदान बघून पोटात गोळा आलाय, म्हनून मुद्दाम घसा फोडून घेतोयस."

भूषणला वाईट वाटलं. राग येण्याइतका आवाज त्याच्याकडं नव्हता. "माज्यावर इस्वास न्हाय तर ये घरी," तो खरखरत म्हणाला. "ऱ्हा दोन दिस. बग मी काय करतोय ते."

"येणारच!" राजवीर म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. इतक्या वर्षांच्या दोस्तीत तो कबनूरच्या घरी पहिल्यांदाच येत होता. बँड शाहूपुरीत, कट्टा राजारामपुरीत, मग कबनूरला यायचं कारण काय? भूषण लॅबमधून लवकर सुटून आला होता. त्यानं दारात राजवीर बघितला. दोन्ही कानांत बोटं घालून उभा. ओठ हलत होते.

"आरं, ये की!" भूषण म्हणाला. "बस! च्या घेतोस?"

राजवीर एक पाऊल मागं सरला. त्याचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा झाला. ओठांवरून भूषणला कळलं, तो म्हणत होता, "भांडायला लागलास का मर्दा?"

"कोन भांडतंय? च्या इचारतोय!"

भाऊसोंनी मागाआडून पाहुण्याला हात केला. "जय भीम! कोनचं पावणं?"

"माजा दोस्त! राजवीर! ड्रमवाला!" भूषणनं सांगितलं.

"आस्सं! ह्योच व्हय! जेवलाईस का रं बाळ?"

राजवीर सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला एवढंच दिसत होतं की चांगली माणसं तोंडं वासून, मानेच्या शिरा ताणून एकमेकांवर तुटून पडलीत, आणि मधूनच हसतायत. भूषणची बहीण दीक्षा पाटावर बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचत होती आणि त्या सगळ्यात तिची पापणीही हलत नव्हती. शेवटी राजवीरनं भूषणचा दंड धरला, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि ओरडला, "भावा, तू वरडायलाईस!"

"मी?"

"तू! मगाधरनं!"

"खुळा हाईस का?" भूषणचा संयम सुटला. इथं येऊनही हा आरोपच करणार! "इचार आईला! इचार आबांना! मी ह्या घरात—"

आणि लाइट गेली.

त्या वर्षी भारनियमन वेळापत्रकाला धरून नव्हतं. सहा माग एकदम थांबले, शेजारचे थांबले, त्यापलीकडचे थांबले, गल्लीच्या गल्ली आणि सगळं कबनूर एका क्षणात गप्प झालं. फक्त माणसं थांबली नाहीत, कारण वाक्यं निम्म्यावर होती.

"—आयुष्यात कंदी वरडलो न्हाय!" भूषण किंचाळला.

"—पोरगी-बिरगी बघितलीया का ह्यानं, खरं सांग!" तानूबाईंनी पाहुण्याला विचारलेलं चौकापर्यंत गेलं.

"—सासूला सांग जा, मेले तरी यायची न्हाय!" शालूबाईंच्या घरातून आलं. त्यांच्या पलीकडून कुणाचं तरी मूळव्याधीचं वाक्य आलं, त्यापलीकडून एक शिवी, आणि लांबून कुठूनतरी एका पोराचा पाढा, तेरा चोक बावन्न. मग कुत्री भुंकू लागली आणि हळूहळू तीही थांबली.

कबनूरला हे रोजचं होतं. म्हणूनच तिथं एक नियम पडला होता, कुणी घालून न दिलेला पण सगळे पाळत असलेला: लाइट जाताना कानावर आलेलं वाक्य ऐकलं असं धरायचं नाही. त्यावर हसायचं नाही, विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवायचं नाही. नाहीतर गावात एकही सोयरीक टिकली नसती. भूषणनं तो नियम इतकी वर्षं इतक्या मनापासून पाळला होता की दुसऱ्यांची वाक्यं तर सोडाच, स्वतःचंही वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

आज ऐकलं. कारण समोर राजवीर होता, आणि राजवीरला नियम माहीत नव्हता. तो जमिनीवर बसून पोट धरून हसत होता.

"कंदी वरडलो न्हाय!" त्यानं भूषणची नक्कल केली. "आरं, पुण्यापत्तोर गेलं असंल ते! फोन करायचीबी गरज न्हाय आता!"

भूषण हसला नाही. तो दारविरहित दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात मोजू लागला. सकाळी दीड तास, संध्याकाळी चार, रविवारी पूर्ण दिवस. शालूबाईंना समजावलेली प्रयोगाची पद्धत, अर्धा तास. त्याच्या उलट बँडचा सराव आठवड्याला दोन तास, तोही गेले कित्येक दिवस बंद. गळा संपला होता तो गाण्यानं नव्हे, चहा विचारून. आणि हे बाहेर कुणाच्या लक्षात येणारच नव्हतं. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणारा माणूस वेगळा काढायचा म्हणजे रंकाळ्यात पाणी वेगळं काढण्यासारखं.

"आसं कसं?" तानूबाई म्हणाल्या. माग बंद होते, तरी आवाज तोच. "आमाला कुटं पडल्यात घट्टं?"

"तुला कुटं 'राख' म्हनून गुरगुरायचंय, आई," दीक्षा म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं आणि राजवीरच्या खिशातून डोकावणारा वॉकमन मागून घेतला. त्याचे हेडफोन त्याच्याच कानांवर चढवले, आत त्यांचीच कॅसेट पूर्ण आवाजात लावली आणि हातानं खुणावलं: पत्ता सांग.

"शाहूपुरी!" राजवीर ओरडला. "दुसरी गल्ली! पंपाचं दुकान!"

शालूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "आमी न्हाय वो ऐकलं!"

दीक्षानं हेडफोन काढले. "आता कोन वरडलं?"

"मी तर साधं सांगितलं," राजवीर म्हणाला, आणि मग त्याचंच त्याला कळलं.

एवढ्यात लाइट आली. सहा माग पुन्हा सुरू झाले आणि पुढचं सगळं बोलणं त्यांच्यात बुडालं. भाऊसोंनी हात उडवून विचारलं, मग काय माग बंद ठेवू? खाशील काय? माग थांबणार नव्हते. म्हणून भूषणनं जो मार्ग काढला तो साधा होता: त्याच्याशी काही बोलायचं असेल तर त्याला घराबाहेर न्यायचं. गल्ली ओलांडून, ओढ्याच्या पुलापलीकडं, जिथं मागांचा आवाज पोचत नाही तिथं.

हे सगळ्यांना जड गेलं. "भात वाढू का?" हे विचारायला तानूबाईंना पुलापर्यंत चालत जावं लागलं. दोन दिवसांनी त्यांनी विचारणंच सोडलं आणि वाढायला सुरुवात केली. भाऊसो मात्र रोज संध्याकाळी मुलाला घेऊन पुलावर जाऊ लागले. सुरुवातीला त्यांना हळू बोलणं जमेना. शब्द हळू काढला की तो त्यांना खोटा वाटायचा. हळूहळू जमलं, आणि बापलेक इतकी वर्षं न बोललेल्या गोष्टी बोलू लागले. सुताचे भाव, दीक्षाची फी, गुरगुरणं नेमकं कुठून काढतात.

"पोटातनं," भूषण म्हणाला.

"मग गळ्याला काय व्हत न्हाय?"

"नीट काढलं तर कमी."

"मग बोलनंबी पोटातनंच काढ की," भाऊसो म्हणाले.

पण कबनूरला हळू बोलणारा माणूस म्हणजे काहीतरी लपवणारा माणूस. बाप आणि तरणा पोरगा रोज पुलावर उभे राहून कुजबुजतात हे आठवडाभरात गावभर झालं. शालूबाईंनी पोराचं पळून जाऊन लग्न झाल्याचं पक्कं केलं. सुताचे व्यापारी जोतीराम तर एका सकाळी सरळ भाऊसोंच्या शेडमध्ये आले आणि मागांना हात लावून बघू लागले.

"इकायचं ठरलंच आसंल तर आदी मला सांगा, भाऊसो! बाहेरच्याला देऊ नगा!"

"कोन इकतंय?"

"मग पुलावर काय चालतंय?"

"पोराशी बोलतोय!"

"येवढं हळू?" जोतीरामांचा अजिबात विश्वास बसला नाही. जाताना त्यांनी चारही कोपऱ्यांतले माग मोजले.

मॅडमनी तिसऱ्यांदा नळी घातली. भूषणला टीव्हीवर दिसत होतं. ज्वारीची कणी आता रव्याएवढी झाली होती. मग त्यानं त्यांना माग, लाइट आणि पूल, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मध्येच त्यांना हसू आवरेना.

"चूक माझी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी इथंच राजारामपुरीत वाढले. आमच्या घरी फार तर मिक्सर ओरडतो. घरी बोलता तसं बोला म्हणताना तुमचं घर कुठलं, हे विचारायला हवं होतं मी." मग त्या गंभीर झाल्या. पुण्याचा अर्धा तास जमेल, म्हणाल्या, पण दोन गाण्यांच्या मध्ये एक शब्द बोलायचा नाही. आणि गाऊन झालं की कुठंतरी पूर्ण शांत जागी जाऊन साधं वाक्य बोलून बघायचं. आवाज स्वच्छ आला तर गळा शाबूत. फाटला तर पुढं महिनाभर गाणं नाही. "आणि गोंगाटात ते वाक्य बोलू नका. तुम्हाला कळणार नाही, आणि गळा मात्र जाईल."

पुण्याचं मैदान खरोखरच मोठं होतं. भूषणच्या पोटात गोळा आला, आणि तो पोटातच असल्यामुळं गाण्याच्या कामी आला. पहिलं गाणं दबकत गेलं, दुसरं बरं. दोन गाण्यांच्या मध्ये इतर गायक प्रेक्षकांना काहीबाही ओरडून विचारायचे. भूषण नुसता उभा राहून शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होता, आणि पुण्याच्या पोरांना ते गाण्यापेक्षा भीतिदायक वाटलं. 'राख'ची शेवटची गुरगुर आली तेव्हा त्यानं श्वास भरला आणि सोडला, आणि ती गेली, लांब, मैदानाच्या टोकापर्यंत, मध्ये कुठंही न अडखळता. राजवीर ड्रम मारायचा विसरून एक क्षण नुसता ऐकत राहिला.

मंचाच्या मागं भूषण घाम पुसत होता. राजवीर आणि कृष्णात ड्रम उचलायला गेले होते, आणि पुढच्या बँडनं सुरुवातच अशा धडाक्यात केली की पायाखालची फळी हलत होती. इतक्यात आयोजकांपैकी एक जण वॉकीटॉकी घेऊन धावत आला आणि त्याच्या कानाशी ओरडला.

"उद्या संध्याकाळचा बँड येत नाहीये! त्यांच्या गायकाचा घसा बसलाय! तुम्ही वाजवाल का? उद्या! मेन स्टेज! एक तास!"

भूषणचं तोंड आपोआप उघडलं. छातीत हवा भरली, मानेच्या शिरा ताणल्या, सहा मागांवरून 'व्हय' म्हणायची सगळी तयारी झाली. आणि त्यानं तोंड मिटलं.

"आत्ता सांगा!" आयोजक ओरडला. "दुसऱ्यांना विचारायचंय!"

काय सांगायचं, हे भूषणला अजून माहीतच नव्हतं. तासभर गाता येईल की महिनाभर तोंड बंद, हे गळा सांगणार होता, आणि गळ्याचं इथं ऐकू येणार नव्हतं. त्यानं आयोजकाचा दंड पकडला आणि चालू लागला.

"अहो, कुठं?" आयोजक घाबरला. मघाशी मंचावर याच माणसानं काय काय केलं होतं ते त्यानं बघितलं होतं. "काही चुकलं का? चहा मिळाला नाही का तुम्हाला?"

भूषण त्याला ओढत जनरेटरच्या मागून, सायकलस्टँडवरून, फाटकातून बाहेर घेऊन गेला. रस्त्यावर रिक्षा होत्या. तो रस्ता ओलांडला. पुढच्या बोळात एक टेप चालू होता. तोही ओलांडला. शेवटी एका बंद शाळेच्या भिंतीपाशी, जिथं कडुलिंबाची पानं हललेलीही ऐकू येत होती, तिथं तो थांबला. आयोजकाचा दंड सोडला.

"व्हय," तो हळू म्हणाला. "उद्या आमी वाजवतो."

आणि मान कलती करून तो स्वतःचंच वाक्य ऐकत राहिला. कुठंही कडा फाटलेली नव्हती. साधा, बारीकसा, कुण्याही माणसाचा असावा तसा आवाज.

"हे तिथं सांगता आलं नसतं का?" आयोजक दंड चोळत म्हणाला.

"न्हाय," भूषण म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं विचारलं, "तुमचा त्यो उद्याचा गायक. त्याच्या घरात कसला धंदा हाय?"